ऑलिव्हची बाटली नको, दिवसाची घडी हवी

हल्ली मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडिओ खूप फिरत असतात. पॅरिसमधली किंवा रोममधली एखादी बाई पाव खाते, चीज खाते, चॉकलेटही खाते आणि तरी सडपातळ दिसते. युरोपियन लोकांसारखे राहा, वजन आपोआप उतरेल, असा त्याचा सूर असतो. मग आपल्या घरात काय होते? ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली येते, ओट्सचा डबा येतो आणि महिनाभर दोन्हींचे कौतुक चालते. रात्रीचे जेवण मात्र साडेअकरालाच, त्यावर थंड पेय, आणि मशीद चार मिनिटांवर असताना मोटारसायकलला किक! महिन्याने वजनकाट्यावर उभे राहिलो की काटा होता तिथेच. मग आपण म्हणतो, "जाऊ द्या, त्यांची हवाच वेगळी."

हवा वेगळी नाही. वेगळी आहे ती दिवसाची घडी. किती वाजता खायचे, किती वाढून घ्यायचे, दोन जेवणांच्या मध्ये काय करायचे आणि घरातून बाहेर पडल्यावर पायी जायचे की गाडीने, या चार गोष्टींनी ती घडी बसते. युरोपकडून काही घ्यायचेच असेल तर हे घ्यावे, असे आम्हाला वाटते. आणि नीट पाहिले तर यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला अनोळखी नाहीत.

विषय आपल्या घरातला आहे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात साधारण २४ टक्के महिला आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. म्हणजे जवळजवळ चारांत एक. आपल्या मोहल्ल्यात पाहिले तरी हे दिसते. चाळिशीच्या आत शुगरची गोळी, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर नमाज, पंचेचाळिसाव्या वर्षी अँजिओप्लास्टी. घरातला कमावता माणूस दवाखान्यात पडला की मुलांच्या शिक्षणाचा पैसा तिकडे जातो. म्हणून हा दिसण्याचा प्रश्न नाही, घर सांभाळण्याचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दक्षिण आशियातील माणसाच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते. त्यामुळे आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की डॉक्टर सावध करतात. हात-पाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, असा माणूस 'मी कुठे जाडा आहे' म्हणत निश्चिंत राहतो. त्याने शिंप्याचा टेप घेऊन एकदा कंबर मोजावी.

आधी एक गैरसमज दूर करू

युरोपातले सगळे सडपातळ असतात, हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार तिथल्या सुमारे ५९ टक्के प्रौढांचे वजन जास्त आहे. इटली, स्पेन, ग्रीस या देशांचा आहार जगात वाखाणला जातो, पण तिथल्या मुलांमध्ये स्थूलपणाचे प्रमाण युरोपात वरच्या क्रमांकांत आहे. कारण तिथेही आजीचे जेवण मागे पडले, गोड पेये आणि पाकिटातले खाणे आले, आणि मुले घरात बसली.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या तुर्की, मोरोक्कन आणि भारतीय वंशाच्या सुरिनामी कुटुंबांमध्ये मधुमेहाचे प्रमाण मूळ डच लोकांपेक्षा जास्त आढळते. म्हणजे युरोपची हवा, पाणी, बाजार सगळे मिळूनही फरक पडला नाही. वंशाचा वाटा त्यात आहेच, पण सवयींचाही मोठा आहे. सवय मोडली की युरोपियनही जाडा होतो आणि सवय बसली की मालेगावचा माणूसही सुधारू शकतो. ही आशेची बाजू आहे.

फ्रान्स : थोडे, वेळेवर, बसून

पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पॅरिस आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया इथल्या सारख्या प्रकारच्या उपाहारगृहांतले पदार्थ तोलून पाहिले. पॅरिसमध्ये एका वाढणीचे सरासरी वजन २७७ ग्रॅम भरले, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम. उलट खायला वेळ लागत होता तो पॅरिसच्या माणसाला जास्त. कमी अन्न, जास्त वेळ. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत ताट संपवणाऱ्याला तो निरोप मिळतो तेव्हा दुसरी प्लेट अर्धी झालेली असते.

दुसरी गोष्ट वेळेची. फ्रेंच घरांत सकाळचा हलका नाश्ता, दुपारचे जेवण, मुलांना शाळा सुटल्यावर साडेचारच्या सुमारास थोडे खाणे आणि रात्रीचे जेवण एवढ्याच वेळा असतात. मधल्या काळात सतत तोंड चालू ठेवणे बरे मानत नाहीत. यामागे सरकारही उभे आहे. २००७ पासून तिथे प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिरातींत आरोग्याचा संदेश द्यावा लागतो, त्यांपैकी एक संदेश दोन जेवणांच्या मध्ये चरत राहू नका असा आहे. २००५ पासून शाळांतली खाऊची यंत्रे बंद झाली. २०१७ मध्ये उपाहारगृहांत गोड थंड पेय कितीही वेळा फुकट भरून देण्यावर बंदी आली. कामाच्या टेबलावरच जेवू देण्यास कामगार कायद्याने मनाई होती, करोनाच्या काळात ती तात्पुरती शिथिल करावी लागली. चांगली सवय सुद्धा जपावी लागते, हे यावरून कळते.

आता आपले पाहू. पोटाचे तीन वाटे करावेत, एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तिर्मिजीत आहे आणि आपण ती लहानपणापासून ऐकतो. दोघांचे अन्न तिघांना पुरते, हेही ऐकतो. ऐकतो आणि दावतीत देग उघडली की विसरतो! बसून खाणे, एका दस्तरखानावर एकत्र खाणे, ताटात टाकून न देणे, हे सगळे आपल्या घरचे आहे. फक्त टीव्ही आणि मोबाईल मध्ये आल्यापासून प्रत्येकाचा दस्तरखान वेगळा झाला.

भूमध्य समुद्राला दोन काठ आहेत

अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या शेतकऱ्यांमध्ये हृदयविकार फारच कमी आढळला. ते खात काय होते? कडधान्ये, रानभाज्या, भरड पाव, फळे, ऑलिव्ह तेल, थोडे मासे. मांस क्वचित. शिवाय दिवसभर डोंगरउतारावर कष्ट. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातले १८० हून जास्त दिवस मांस वगैरे वर्ज्य करण्याचे असतात. तेल हा या जगण्याचा एक भाग होता, सगळे जगणे नव्हे.

भूमध्य आहार म्हटले की आपल्यासमोर युरोपच उभा राहतो. पण युनेस्कोने २०१० मध्ये या आहारपद्धतीला मानवजातीच्या वारशाचा दर्जा दिला, तेव्हा स्पेन, इटली, ग्रीस यांच्याबरोबर चौथा देश होता मोरोक्को. तिथले शेफशाउन हे गाव त्यासाठी पुढे करण्यात आले. १५व्या शतकात वसलेल्या या गावात स्पेनमधून बाहेर पडावे लागलेल्या मुस्लिम कुटुंबांनी आसरा घेतला होता. आधी सूप, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड, हा टेबलावरचा क्रमही ९व्या शतकात बगदादहून कुर्तुबाला गेलेल्या जिर्याबने रुळवला, असे सांगितले जाते. म्हणून या गोष्टी घेताना आपण कोणाची नक्कल करतो आहोत, असा संकोच वाटायचे कारण नाही.

बाटलीचेही सांगून टाकू. ऑलिव्ह तेल चांगले आहे, कुरआनात त्या झाडाचा सन्मानाने उल्लेख आहे. पण एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, त्या इतर कुठल्याही तेलाइतक्याच. वर आणखी ओतल्याने वजन उतरत नाही. बैठे काम करणाऱ्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल पुरेसे मानले जाते. चार जणांच्या घरात महिन्याला पाच-सहा लिटर तेल संपत असेल तर दोष शेंगदाण्याचा किंवा करडईचा नाही, कढईचा आहे. क्रीटचे जेवण आपल्याकडे आणायचे तर मसूर, मटकी, हरभरा, कुळीथ, पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाणे, जवसाची चटणी आणि कोकणात बांगडा, तारली एवढे पुरे. यातले काहीही परदेशातून मागवावे लागत नाही.

नेदरलँड्स : व्यायाम नव्हे, येणे-जाणे

डच माणूस सायकल चालवतो ती व्यायाम म्हणून नव्हे. त्याला कामावर जायचे असते, बाईला बाजारात, मुलाला शाळेत. तिथल्या चारांपैकी एकाहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात. जिमला जायला वेळ काढावा लागतो आणि वेळ मिळाला नाही की तेवढेच निमित्त पुरते. येण्या-जाण्यातच हालचाल असली की निमित्ताला जागा राहत नाही.

पण हे आपोआप घडलेले नाही. महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात ३ हजारांहून जास्त माणसे रस्त्यावर मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' हे त्यांच्या आंदोलनाचे नावच होते. त्यात १९७३ चे तेलसंकट आले आणि सरकारने सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधायला घेतले. आज आपण ज्याला डच सवय म्हणतो, ती लोकांनी मागून घेतलेली आहे. तिथे स्थलांतरित महिलांसाठी सायकल शिकवण्याचे वर्ग चालतात. ज्यांनी कधी सायकलला हात लावला नव्हता, अशा तुर्की आणि मोरोक्कन बायकाही त्यांत शिकल्या आहेत.

इटलीत संध्याकाळी जेवणाआधी सगळे गाव चौकात हळूहळू फेरफटका मारते. म्हातारे, पोरे, नवरा-बायको, सगळे. त्याला 'पासेज्जाता' म्हणतात. घाम काढायचा नाही, चार माणसे भेटायची. आपल्याकडे असर ते मगरिबची वेळ यासाठी अगदी योग्य आहे.

फिनलंडची गोष्ट

आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते फिनलंडचे उदाहरण. तिथल्या उत्तर करेलिया प्रांतात १९७० च्या सुमारास पुरुष हृदयविकाराने इतके मरत होते की जगात तो भाग वरच्या क्रमांकावर होता. लोणी, मीठ, चरबीयुक्त मांस आणि तंबाखू. आपल्या आहाराची आठवण येते ना? १९७१ मध्ये तिथल्या स्थानिक प्रतिनिधींनी सरकारकडे मदतीचा अर्ज केला आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले.

त्यांनी नुसती भाषणे दिली नाहीत. ते 'मार्था' नावाच्या गृहिणींच्या संघटनेकडे गेले. या बायकांनी गावोगाव 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरवल्या. नेहमीचाच मांसाचा रस्सा, पण चरबी कमी, मीठ कमी, भाज्या जास्त. लोकांनी खाऊन पाहिला आणि आवडला. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लागल्या. तंबाखू कमी झाली. पुढच्या साधारण चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. एकट्याने पथ्य पाळणारा दावतीत हरतो. सगळ्या गावाने पाळले तर ते पथ्य राहत नाही, रिवाज होतो.

जे घ्यायचे नाही

युरोपातले सगळेच काही घेण्यासारखे नाही. १९९० च्या दशकात फ्रेंचांच्या निरोगी हृदयाचे श्रेय लाल वाइनला देण्याची टूम निघाली होती. आपल्याला तो मार्ग बंदच आहे. आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले की आरोग्याला धोका नाही असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. धूम्रपानाचेही तेच. चांगले आणि वाईट निवडून घ्यायची अक्कल अल्लाहने दिली आहे, ती वापरावी.

मग उद्यापासून काय करायचे?

सगळे एकदम बदलायला गेलो की आठ दिवसांत सगळे सुटते. एक सवय पंधरा दिवस धरावी, ती बसली की दुसरी.

पहिली सवय चहाची. दिवसाला पाच कप आणि कपात दोन चमचे म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर झाली, २०० कॅलरी. आधी चमचा एकवर आणा, मग कप तीनवर. चहाबरोबरची खारी आणि बिस्किटेही तेवढीच मोजावीत.

दुसरी रात्रीच्या जेवणाची. डच घरांत संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवतात, स्पेनमध्ये नऊ-दहा वाजतात, पण तिथे मुख्य जेवण दुपारचे असते आणि रात्रीचे हलके. आपल्याकडे दोन्ही जेवणे भारी आणि दुसरे मध्यरात्री. मगरिब ते इशाच्या दरम्यान जेवण उरकले तर इशाला मशिदीत चालत जाणे हीच शतपावली. इशानंतर गप्पा रंगवणे प्रेषित (स.) यांना पसंत नव्हते, हे हदीसमध्ये आहे. लवकर झोपणाऱ्याला रात्री बारा वाजता रोल आणि फालुदा आठवत नाही. भिवंडी, मालेगावात लूमवर रातपाळी करणाऱ्या भावांची अडचण आम्ही जाणतो. त्यांनी निदान जेवणाच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि रातपाळीत चहा-वड्याऐवजी घरून भाकरी-उसळ न्यावी.

तिसरी ताटाची. आधी भाजी, डाळ, कोशिंबीर वाढून घ्यावी, मग भात किंवा रोटी. बिर्याणी खाऊ नका असे कोणी म्हणत नाही. एकदा वाढलेली हळूहळू खा आणि दुसऱ्या वाढणीआधी पंधरा मिनिटे थांबा.

चौथी चालण्याची. आठवड्याला किमान १५० मिनिटे जरा जोराने चालावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दिवसाला वीस-बावीस मिनिटे. मशीद, किराणा, मुलांची शाळा पायी केली तर एवढे सहज होते.

एवढ्याने महिन्यात दहा किलो उतरणार नाहीत. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले, आणि असे हळू उतरलेले वजन टिकण्याची शक्यता जास्त. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण औषध तेच आणि जेवण कमी झाले तर शुगर अचानक उतरू शकते.

बहिणींसाठी जागा कोण करणार?

शेवटचा मुद्दा थोडा टोचणारा आहे. आपल्या मोहल्ल्यात पुरुष निदान पाच वेळा मशिदीपर्यंत जातो. बाई मात्र सकाळी ओट्याशी उभी राहते ती रात्रीपर्यंत त्याच चार भिंतींत. तिने चालायचे कुठे? रस्त्यावर फुटपाथ नाही, असला तर त्यावर गाड्या. मैदान मुलांच्या क्रिकेटने भरलेले. वर 'लोक काय म्हणतील' आहेच. मग तिच्या गुडघ्यांना आणि शुगरला तिचाच आळस जबाबदार, असे आपण म्हणतो. हा अन्याय आहे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) आणि प्रेषित (स.) यांनी एकमेकांशी धावण्याची शर्यत लावल्याची नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे, ती आपण कधी सांगतो का?

डच आई-बापांनी रस्ता मागितला, फिनलंडच्या बायकांनी गावाचा रस्सा बदलला. आपणही काही करू शकतो. फजरनंतर दहा बहिणींनी मिळून चालायला निघावे, एकटीला जो संकोच वाटतो तो दहाजणींना वाटत नाही. शाळेच्या किंवा जमातखान्याच्या आवारात सकाळचा एक तास महिलांसाठी राखून ठेवावा. नगरसेवक मते मागायला येतो तेव्हा गटाराबरोबर फुटपाथ आणि बागही मागावी. जमातीने ठरवले तर वलीम्यात एक गोड आणि थंड पेयाऐवजी साधे पाणी एवढा बदल एका मोसमात होऊ शकतो, आणि मुलाच्या बापाचा खर्चही वाचेल.

शरीर ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, तिचा हिशेब द्यायचा आहे. ऑलिव्हची बाटली घ्यायची ऐपत असेल तर जरूर घ्या. पण आज रात्री इशाच्या आधी दस्तरखान अंथरा, सगळ्यांचे मोबाईल बाजूला ठेवा आणि जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना घेऊन पायी बाहेर पडा. अल्लाह आपणा सर्वांना तंदुरुस्ती आणि तिची कदर करण्याची बुद्धी देवो. आमीन.